आधी त्याचं नाव लिहा

'माझा आवडता प्राणी' हा निबंध लिहिल्याशिवाय मराठी शाळेतून कुणी बाहेर पडत नाही. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावात हा विषय फळ्यावर पडला की एक गोष्ट हमखास घडते, आणि ती मला वर्षानुवर्षं छळत आली आहे. जो पोरगा पहाटे उठून गोठ्यातलं शेण ओढतो, गाईपुढं भिजवलेली सरकीची पेंड ठेवतो, आई धार काढत असताना वासरू धरून उभा राहतो, तोच दोन तासांनी वहीत लिहितो : गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात, ती आपल्याला दूध देते. वाचणाऱ्याला वाटावं, या मुलाने गाय फक्त चित्रात पाहिली आहे.

पोरगं खोटं लिहीत नसतं. त्याला इतकंच उमगलेलं असतं की गोठ्यातली गाय वेगळी, वहीतली वेगळी, आणि मार्क पडतात ते वहीतल्या गाईला.

माणूस आणि प्राणी यांच्या नात्यावर मुलांच्या स्पर्धा आता पुष्कळ होतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो, १४ जानेवारीपासून प्राणी कल्याण पंधरवडा, ३ मार्चला जागतिक वन्यजीव दिन. चित्रं होतात, निबंध होतात, घोषवाक्यं होतात. अशा स्पर्धा व्हाव्यात, याहून जास्त व्हाव्यात, शेवटच्या वस्तीशाळेपर्यंत पोचाव्यात, असं माझं ठाम मत आहे. माझी तक्रार त्यातल्या मागणीबद्दल आहे. आपण मुलांकडे प्रेम मागतो, आणि प्रेम मागितलं की मुलं पाठ केलेलं प्रेम आणून देतात. मागायला हवी ती ओळख. दाव्याला बांधलेल्या, खोडी असलेल्या, नाव असलेल्या एका जनावराची. स्पर्धेच्या कागदावर वरच छापलेलं असावं : आधी त्याचं नाव लिहा.

नावाचा आग्रह मी उगाच धरत नाही. आमच्याकडच्या घरात जनावर नावावाचून राहत नाही. बैलजोडी सर्जा-राजा असते, गाय कपिली असते, काळ्याभोर उस्मानाबादी शेळीच्या कानावर पांढरं असलं तर ती चांदी होते. नाव आलं की वाक्याची चाल बदलते. 'बैल शेतात काम करतो' या वाक्याला पुढं जायला वाटच नाही. 'राजाला डाव्या अंगाला जुंपल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही' असं पोराने लिहिलं की त्याला पुढचं लिहावंच लागतं : कधीपासून असं करतो, एकदा उजवीकडं जुंपला तेव्हा काय झालं, बापाने काय केलं, आजा काय म्हणाला. निबंध लिहिता येत नाही म्हणून ज्याला मागच्या बाकावर बसवलं, तो पान भरून लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका शाळेतल्या चित्रांच्या गठ्ठ्यावर मला परीक्षक म्हणून बसवलं होतं. विषय होता 'माझा मित्र बैल'. साठेक चित्रं असतील. बहुतेकांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि झूल पांघरलेला, बाशिंग बांधलेला बैल. गठ्ठ्याच्या मधोमध एक कागद निघाला. त्यावर डोंगर नव्हते, सूर्य नव्हता. पूर्ण कागदभर बैलाची नुसती मान आणि खांदा. खांद्यावर जांभळ्या खडूने घोटून घोटून काढलेली सूज, तिच्याभोवती पेन्सिलीचे बारीक ठिपके, म्हणजे माश्या. वरच्या कडेला जूचं लाकूड, आणि त्या लाकडाला गुंडाळलेली फुलाफुलांची चिंधी. लुगड्याची असावी. शेतकऱ्याच्या पोराला खांदेसूज काय असते ते सांगावं लागत नाही. जू घासून घासून खांदा सुजतो, आणि तरी कामाचे दिवस थांबत नाहीत म्हणून घरातली बाई जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून जूला गुंडाळते. त्या एका कागदावर बैल होता, त्याचं दुखणं होतं, घरची अडचण होती आणि आईचा हातही होता.

बाकीचे परीक्षक म्हणाले, चित्र अपूर्ण आहे, बैलाला पाय नाहीत. झूलवाल्या बैलाला बक्षीस मिळालं. माझं मत वेगळं पडलं होतं, पण मी ते रेटलं नाही. ती माझी चूक झाली, आणि आजचा हा लेख बराचसा त्या चुकीपायी लिहितो आहे.

कारण त्या पोराने काही जगावेगळं केलेलं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? खांदेमळणी. बैलाला न्हाऊ घालून त्याच्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतो, शेकतो, आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. झूल, शेंब्या, गोंडे, घुंगुरमाळा हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. आपल्या वाडवडिलांनी सणाची सुरुवातच जिथं जू बसतं त्या जागेपासून केली. पोराने सणाचा गाभा काढला होता, आणि आम्ही शहाण्यांनी सजावटीला पहिला नंबर दिला.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, ओळीने उभे करतात, चांगल्या सजावटीला बक्षिसं मिळतात. नागपूर-वर्ध्याकडं याचा थाट मोठा असतो. मुलांनी आपल्या हाताने जनावराचा मान करायचा आणि गावाने त्यांचं कौतुक करायचं, अशी आपल्याकडची इतकी जुनी आणि इतकी आपली स्पर्धा दुसरी मला ठाऊक नाही. मराठवाड्यातही पोरं पोळ्याला मातीचे बैल करतात, त्यांना पुरणाचा नैवेद्य दाखवतात. पण आता गावोगावी अशी घरं वाढत चालली आहेत की जिथं मातीचा बैल हाच एकुलता बैल. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या गाईंची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी वाढली, आणि बैल-गोऱ्हे यांची सुमारे ३० टक्क्यांनी घटली. सात वर्षांत एवढी घट. दुधाची गाय घरात राहिली. नांगरट, पेरणी ट्रॅक्टरकडे गेली. आज चौथी-पाचवीत असलेलं पोर हे कदाचित बैलाचा श्वास ओळखणारं त्या घरातलं शेवटचं माणूस असेल. त्याच्याकडून 'बैल हा शेतकऱ्याचा मित्र आहे' एवढंच लिहून घेणं ही फार मोठी उधळपट्टी आहे.

बीड जिल्ह्यात बैल अजून मोठ्या संख्येने जिथं टिकला आहे ती जागा म्हणजे उसाची गाडी. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि बैलगाडीच्या टोळीत बैलही सोबत निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्याच्या आसपास माळावर कोप्या पडतात. बैलांना वाढं मिळतं, माणसांना पहाटेची थंडी. परत यायला मार्च उजाडतो, कधी एप्रिल. जी मुलं मागं सांभाळायला कुणी नसल्यामुळं सोबत जातात, ती हे सगळे महिने बैलांच्या पायाशी काढतात. जी गावात हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, त्यांच्या वाट्याला शेळी येते. कारण बैल कारखान्यावर जातो आणि शेळी घरी राहते.

आता वरच्या तारखा पुन्हा पाहा. ऑक्टोबरचा सप्ताह सोडला तर पंधरवडा जानेवारीत, वन्यजीव दिन मार्चच्या सुरुवातीला. ज्या मुलांना महाराष्ट्रात बैलाची सगळ्यात जवळून ओळख आहे, ती या स्पर्धांच्या दिवशी शाळेत नसतातच. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं रेघ असते. प्राण्यांवरच्या प्रेमाची स्पर्धा भरते आणि प्राण्यांबरोबर झोपणारी मुलं तिच्या बाहेर राहतात. यात कुणाचा दुष्टावा नाही, कुणी तारखा त्या हिशेबाने पाहिलेल्याच नाहीत एवढंच. माझं म्हणणं साधं आहे : बीड जिल्ह्यासाठी अशी स्पर्धा पोळ्याला घ्या, जेव्हा सगळी पोरं गावात असतात. आणि हंगामात घ्यायचीच असेल तर ती उसाच्या फडावर न्या. कागद-पेन नको, मोबाइल पुरे. पोराने बोलावं, गुरुजींनी ध्वनिमुद्रण करावं. लिहिता न येणाऱ्याला गोष्ट सांगता येते हे आपल्या देशात तरी कुणाला पटवून द्यायला नको.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. मुलांना खरं लिहायला सांगाल तर ती दुःखच लिहितील. बाजारात विकलेला बैल, दुष्काळात गेलेली गाय. स्पर्धा आनंदासाठी असते, पोरांना रडवायला नव्हे. आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ मला समजते, पण तो मला मान्य नाही. बीडच्या पोराला जनावराचं दुःख आपण शिकवत नाही, ते त्याच्याकडं आधीच असतं. २०१९ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उभ्या होत्या. घरातलं कुणीतरी छावणीत जनावरांजवळच मुक्कामाला असायचं, जेवणाचा डबा तिकडंच जायचा, पोरं दप्तर घेऊन तिथंच बसायची. २०२२ साली लंपी आला. जनावरांच्या अंगावर गाठी उठल्या, बाजार बंद झाले, लोकांनी गोठ्यात धूर केला आणि रात्री जागून काढल्या. मराठवाड्यात २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली तेव्हा दावणीला बांधलेली जनावरं पुरात गेली. ही दुःखं पोरांनी पाहिली, आणि त्यांना कागदावर उतरवायला जागा मिळाली नाही. बोलायला जागा न देणं म्हणजे सांभाळणं, असं मला वाटत नाही.

विक्रीचंही तसंच. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाची कत्तल कायद्याने बंद झाली. म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक मिळेना, आणि एका घराचा कडबा दोन जनावरांना पुरेना. नेलेला बैल संध्याकाळी परत आणायचा, हे मुलांनी पाहिलं. त्या संध्याकाळी घरात आनंद झाला की चिंता, हे त्या मुलालाच विचारायला हवं. मला वाटतं दोन्ही झालं असेल, आणि त्या दोन्हींचं मिळून जे होतं त्यालाच नातं म्हणतात. याच जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांनी आयुष्यभर गुरं सांभाळली, खाटकाला विकायची नाहीत हा नेम पाळला, आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरात पूर्वी कत्तलीचा व्यवसाय होता, तो सुटला. मुलांना ही गोष्ट सांगताना आपण पद्मश्रीवर थांबतो. मी मास्तर म्हणून एवढंच म्हणेन की पोरांना त्यांच्या कडब्याचा हिशेब मांडायला लावा. उन्हाळ्यात एवढ्या तोंडांना रोज काय घातलं असेल? मग त्या माणसाची खरी उंची पोरांच्या ध्यानात येईल.

पाहणं आणि सांगणं यांत अंतर पडलं की काय होतं, तेही या जिल्ह्याने सोसलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळमध्ये वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून घरांवर, झाडांवर नेत होती, आणि काही पिल्लं मेली. बातमी जगभर गेली ती 'माकडांचा सूड' म्हणून; अडीचशे कुत्री मारली, असा आकडा फिरला. वन खात्याने दोन वानरं पकडून नेली. आकड्याला नीट आधार नव्हता, आणि सूडाला तर मुळीच नव्हता. गावातल्या पोरांनी त्या वानरांना दिवसचे दिवस पाहिलं होतं : पिल्लू उचलताना कसं धरतात, वर नेऊन काय करतात, कधी सोडून देतात. त्यांना कुणी लिहायला सांगितलं असतं तर आज आपल्याकडं एक चांगली नोंद असती. व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळीला नायक केलं ते असंच पाहून, आणि तेवढ्यासाठी त्या छोट्याशा पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

भीतीलाही या स्पर्धेत जागा हवी. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात एक लहान मुलगाही होता. त्या गावांतल्या मुलांना 'वन्यजीव वाचवा' असं घोषवाक्य करायला सांगताना आपली जीभ जड व्हायला पाहिजे. बिबट्या वाचायला हवा हे मलाही मान्य आहे. पण आधी त्या पोराला 'मला बॅटरीशिवाय बाहेर जायची भीती वाटते' हे लिहू द्या. हरणांच्या कळपाने रात्रीत कोवळं पीक खाल्लं हेही लिहू द्या. मग त्याला विचारा, तरी हरणं असावीत का? त्याचं उत्तर काहीही आलं तरी ते त्याचं असेल.

पैठण इथून लांब नाही, गोदावरीच्या वरच्या अंगाला. तिथल्या एकनाथांची गोष्ट इकडच्या प्रत्येक पोराला येते : काशीची कावड रामेश्वराला चाललेली, वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातलं. कावड घेऊन चाललेल्या बाकीच्यांनाही ते गाढव दिसलंच असणार. आपण ही गोष्ट दयेची म्हणून सांगतो. मला ती नजरेची वाटते.

नजरेचा एक रोकडा उपयोगही आहे. ओझ्याच्या जनावरांबाबत केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडीला जुंपायचं नाही, ओझ्याला मर्यादा आहे. आता एखाद्या पोराने स्पर्धेसाठी 'आमच्या सर्जाचा एक दिवस' लिहिला, किती वाजता जुंपला, किती वाजता सोडला, पाणी कुठं मिळालं, तर तो कागद त्या नियमांशेजारी ठेवून पाहता येईल. आणि मग दुसरीही गोष्ट दिसेल, जी पोराला माहीतच आहे : सर्जासोबत त्याची आईही पहाटे तीनला उठलेली आहे, आणि तिच्या मानेवर मोळीचं ओझं आहे. नऊ तासांचा हिशेब तिच्यापर्यंत पोचलेला नाही. बैलाच्या कळवळ्याने बोलणाऱ्यांनी गाडीवानाला कसाई ठरवू नये, आणि गाडीवानाची बाजू घेणाऱ्यांनी बैलाचा खांदा झाकू नये. एकाच जूखाली दोघं आहेत हे ते पोर आपल्या दोघांपेक्षा नीट सांगेल.

म्हणून या कागदांना पत्ता असावा असं मला वाटतं. १९४९ साली जपानी मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली होती : आम्हाला हत्ती पाठवा. टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती युद्धकाळात, १९४३ मध्ये, उपाशी ठेवून मारले गेले होते, आणि कितीतरी मुलांनी हत्ती पाहिलेलाच नव्हता. नेहरूंनी हत्तीण पाठवली, तिचं नाव इंदिरा. ती पुढं १९८३ पर्यंत उएनोत होती. तिथं नंबर नव्हते, प्रमाणपत्रं नव्हती. मुलांनी कुणालातरी काहीतरी मागितलं होतं आणि मोठ्या माणसाने ते वाचलं होतं. आपल्या स्पर्धेतलं लेखन कपाटात जातं. ते पशुधन विकास अधिकाऱ्याकडं जावं, कारखान्याच्या शेतकी विभागाकडं जावं, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं जावं. कारखान्याच्या वजनकाट्यासमोर बैलांना पाण्याचा हौद नाही, असं दहा पोरांनी लिहिलं तर त्याचं उत्तर कुणीतरी द्यावं. ढाल आणि फुलपात्र यांपेक्षा ते उत्तर मुलाच्या जास्त दिवस लक्षात राहील, हे मी चाळीस वर्षं मुलांत काढून सांगतो.

परवा हंगाम संपवून टोळ्या परतल्या तेव्हा पाचवीतली एक मुलगी पाच महिन्यांनी वर्गात आली. तिला निबंध येत नव्हता, वाचनही मागं पडलं होतं. मी तिला म्हटलं, लिहू नको, नुसतं सांग, तुमच्या बैलाचं नाव काय? म्हणाली, हौशा. मग सांगत गेली. रात्री काट्यावर गाड्यांचा नंबर लागतो, दोन-दोन, तीन-तीन तास. बाप उसावर आडवा होतो, तीही त्याच्याजवळ झोपते. पुढची गाडी सरकली की कुणी हाक न मारता हौशा चार पावलं पुढं जातो आणि थांबतो. परत सरकली की परत चार पावलं. एकदा तिला जाग आली तेव्हा आजूबाजूचे सगळे झोपलेले होते आणि ओळ आपली हळूहळू पुढं चालली होती.

सांगता सांगता ती थांबली, आणि मला विचारलं, "सर, हे बी लिहायचं असतंय का?"